जुन्या गायकांच्या स्वाक्षऱ्या : सत्यता आणि मोल

ऐतिहासिक पत्र हातीं आलें म्हणजे आपण प्रथम शिक्का व मोर्तब पाहतों; अक्षर मागाहून. मजकूर कारकुनानें लिहावा आणि धन्यानें त्यावर मोर्तब करावें, अशी रीत असल्यामुळें पत्राचें खरेपण हस्ताक्षरापेक्षां मुद्रेवर अधिक अवलंबून असे. विसाव्या शतकांतील गायक-गायिकांच्या स्वाक्षऱ्यांची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें मुद्रा नाहीं, मजकूरहि बहुधा नाहीं. छायाचित्रावर किंवा वहीच्या पानावर चार अक्षरें तेवढीं असतात. नांदेड व लातूरकडील एखाद्या घरांतून अशी वस्तु निघाल्यास ती खरी कीं खोटी हें कसें ठरवावें, आणि तिचें मोल कशांत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

ग्रामोफोनच्या आरंभकाळीं गायकाची खूण हातानें नव्हे, कंठानें उमटत असे. गौहरजान हिचें गाणें कलकत्त्यास नोव्हेंबर १९०२ मध्यें मुद्रित झालें. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटीं गायिका आपलें नांव स्वतः उच्चारते. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात. तेथील कारागिरांस ती कोणाची हें कळावें, असें याचें कारण सांगतात. स्वरांतील ही स्वाक्षरी निःसंशय आहे. कागदावरील तशी नसते. ती ताडून पाहावयाची तर त्याच व्यक्तीच्या निर्विवाद सह्या, करारपत्रांवरील व पत्रव्यवहारांतील, निरनिराळ्या सालांतल्या, जवळ हव्यात. मात्र एखाद्या नमुन्याशीं तंतोतंत जुळणारी सही उलट संशयास्पद समजावी. कारण कोणीहि मनुष्य दोनदां अगदीं सारखी सही करीत नाहीं. नक्कल करणाराचा हात सावकाश चालतो. रेघ कांपते आणि नको तेथें लेखणी उचललेली दिसते. भिंगाखालीं बारीक ठिपक्यांची जाळी दिसल्यास ती सही नसून छापलेली प्रतिकृति होय.

अक्षरानंतर काळाचा विचार करावा. उदाहरणार्थ, बालगंधर्वांचें छायाचित्र घेऊं. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत आले. गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली. पद्मभूषण त्यांना १९६४ सालीं मिळालें. १९६७ सालीं ते निवर्तले. छायाचित्राखालीं 'पद्मभूषण' हा शब्द छापलेला आणि सहीखालीं १९३८ हें साल, असें असल्यास तें साल खोटें, हें सांगावयास तज्ज्ञ नको. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारांत आलें. त्या पेनानें केलेली १९३० सालची सही असूं शकत नाहीं. तथापि तेवढ्यावरून सही नकली ठरत नाहीं, कारण बालगंधर्व पुढें बरींच वर्षें हयात होते. खोटें साल आणि खोटी सही यांत भेद करावा. तसेंच कागद उजळविणारीं द्रव्यें १९५० च्या सुमारास प्रचारांत आलीं; अतिनील दिव्याखालीं असा कागद निळसर चमकतो.

स्थळाचाहि पुरावा असतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. तत्पूर्वीं लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे. १९४० सालच्या म्हणून दाखविलेल्या वहीवर 'जि. लातूर' असा समकालीन उल्लेख निघाला तर तो मागाहून लिहिलेला आहे. लातुरास बारशी लाइट रेल्वे १९११ सालीं पोंचली, म्हणून अमुक गायक तेथें आलाच असला पाहिजे, असेंहि अनुमान करूं नये. वाट होती यावरून प्रवासी आला हें सिद्ध होत नाहीं. मात्र मैफलीस हजर असलेल्या घरच्या माणसानें त्याच आठवड्यांत नांदेडहून लातुरास लिहिलेलें पत्र सांपडल्यास त्याचें महत्त्व फार. निजामाच्या राज्याचीं स्वतःचीं टपाल-तिकिटें १९५० पर्यंत चालत. पाकिटावरील तिकीट व टपालाचा शिक्का पत्राचा काळ ठरविण्यास उपयोगी पडतो.

येथवर आल्यावर ध्यानांत येतें कीं, खरा पुरावा वस्तूच्या मालकी-परंपरेचा असतो: कोणी, कोठें, कोणासमक्ष सही घेतली, आणि पुढें ती कोणाकडून कोणाकडे गेली. आमच्या भागांत ही परंपरा एका पहाटे तुटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या भिंतींखालीं घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. जेथें माणसें उरलीं नाहींत तेथें कागदांची कथा ती काय! परंतु ढिगाऱ्यांतून वांचलेलें एखादें चित्र आज कोणी पुढें आणलें, तर त्याची साक्ष देणारा बहुधा हयात नाहीं. सही अस्सल असूनहि ती सिद्ध करतां येत नाहीं, अशी ही हानि आहे.

आतां मोल. नुसत्या सहीपेक्षां सही केलेलें छायाचित्र, आणि त्याहून मजकुराचें पत्र, अधिक मोलाचें. दुर्मिळता किंमत वाढविते आणि बनावटहि वाढविते: अमेरिकेंतील जॅझ-गायिका बेसी स्मिथ १९३७ सालीं व बिली हॉलिडे १९५९ सालीं निवर्तल्या, त्यांच्या सह्या थोड्या, म्हणूनच तेथें सावधगिरी अधिक. विक्रेत्याचें प्रमाणपत्र त्यांतील कारणांइतकेंच खरें. शिवाय ७५ वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येतो. तो परवान्यावांचून परदेशीं पाठवितां येत नाहीं, म्हणून परदेशच्या लिलावांतील भाव येथील वस्तूस लावूं नये.

सारांश, किंमत विचारण्यापूर्वीं साक्ष लिहून ठेवावी. घरांतील वडीलधाऱ्यांस जें आठवतें तें त्यांच्याच शब्दांत, तारीख व सही घालून, आजच उतरून घ्यावें. मूळ पानास डिंक किंवा चिकटपट्टी लावूं नये आणि दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. सहीचा धनी गेला तरी सही राहते. साक्षीदार गेला म्हणजे ती मुकी होते.