समुद्राविना बंदर

मराठी वाचकाच्या मनात पानिपत हे नाव 14 जानेवारी 1761 या दिवसाशी कायमचे जखडलेले आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे 90 किलोमीटरांवर ग्रँड ट्रंक मार्गावर वसलेले आजचे पानिपत मात्र विणकरांचे शहर आहे. 1947 च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी येथील हातमागाचा धंदा वाढविला, आणि आता येथील सतरंज्या, पायपुसणी, पडदे व पलंगपोस परदेशी जातात. समुद्र तर हजार किलोमीटरांहून दूर! मग या मालाला बंदर कोठून मिळावे?

बंदराची कामे वस्तुतः दोन प्रकारची असतात. जहाज धक्क्याला लावणे व त्यात माल चढविणे हे किनाऱ्यावरच व्हावे लागते. परंतु कागदपत्रांची छाननी, जकातीची आकारणी, मालाची तपासणी आणि साठवण यांना पाण्याची मुळीच गरज नसते. ही कामे देशाच्या अंतर्भागात जेथे होतात, त्या स्थळास सुके बंदर म्हणतात. भारतातील असे पहिले आगार 1981 मध्ये बंगळूर येथे सुरू झाले; पानिपतच्या मालासाठी शहरालगत बाबरपूर येथे तशीच सोय करण्यात आली.

अशा आगारातील दिवस कागदांनी सुरू होतो. निर्यातदाराचा दलाल शिपिंग बिल दाखल करतो. हमाल गठ्ठे उतरवून मोजतात, सीमाशुल्क अधिकारी त्यांतील काही उघडून पाहतात, आणि परवानगी मिळताच वीस किंवा चाळीस फुटी कंटेनर भरून त्यास क्रमांकित सील ठोकले जाते. या लहानशा सीलवरच सारी व्यवस्था उभी आहे. ते अभंग असेल, तर मुंद्रा किंवा न्हावाशेवा येथे कंटेनर पुन्हा उघडण्याचे सहसा कारण पडत नाही. तो सरळ जहाजावर चढतो. सील तुटलेले आढळल्यास मात्र तपासणी नव्याने होते, जहाज चुकते, आणि जागाभाड्याचा भुर्दंड पडतो. छोट्या कारखानदाराचा नफा अशा दोन-चार दिवसांच्या खोळंब्यात सहज बुडतो.

आयातीची कथा अधिक विलक्षण आहे. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठे बांधून पानिपतला येतात. हे कपडे पुन्हा अंगावर घालता येऊ नयेत अशा रीतीने फाडलेले असावेत, असा सीमाशुल्काचा दंडक आहे. अन्यथा ते चिंध्या न ठरता जुने कपडे ठरतात आणि त्यांना परवाना लागतो. येथील स्त्रिया गुंड्या व चेन काढून त्यांची रंगवार निवड करतात. रंग आधीच वेगळे झाल्याने सुताला पुन्हा रंगविण्याची फारशी गरज उरत नाही. चिंध्या पिंजून काढलेल्या त्या सुताची स्वस्त घोंगडी आपद्ग्रस्तांना वाटली जात. अलीकडे पॉलिएस्टरच्या घोंगड्यांनी त्यांची बाजारपेठ बरीच हिरावून घेतली आहे.

चिंध्या घेऊन आलेला कंटेनर सतरंज्या घेऊन परत गेला, तर रिकाम्या फेरीचा खर्च वाचतो. हमाल, मालमोटारवाले, दलाल, गठ्ठे बांधणारे, एवढेच काय चहावालेही या वर्दळीवर पोट भरतात. चिंध्या निवडणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र तुटपुंजी मजुरी आणि छातीत जाणारी धूळ येते. या धंद्याच्या लाभाचा हिशोब मांडताना ती बाजू बहुधा गाळली जाते.