पेनड्राइव्हचं भोक म्हणजे साउंडकार्ड नव्हे

भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यात मंडयांचा हंगाम लागतो. धान कापणीला आलेलं असतं, गावोगावी पाळीपाळीने मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक किंवा दंडार उभी राहते. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात आणि धुमाल पार्ट्यांना उसंत मिळत नाही. या गर्दीत गेल्या काही वर्षांत आणखी एक माणूस पक्का झाला आहे. एक लॅपटॉप, एक छोटा मिक्सर, दोन टॉप आणि दोन बेस असे स्पीकरचे डबे, एक मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, आणि हे सगळं छोटा हत्तीत बसवून गावोगाव फिरणारा एकट्याचा डीजे. आमगावची हळद असो की अर्जुनी मोरगावचं बारसं, त्याचं काम आता यूएसबीवर चालतं. भजन मंडळं आणि दोन-तीन जणांचे ऑर्केस्ट्राही त्याच वाटेने निघाले आहेत.

यूएसबीबद्दल मात्र या धंद्यात जितकं ऐकू येतं, त्यातलं निम्मं चुकीचं असतं. माझं मत आधीच सांगतो. चार आकडी किमतीचं साधन मंडपाच्या कामाला पुरतं. गडबड होते ती बहुतेकदा जोडणीत, आणि दोष मात्र स्वस्त साधनाला दिला जातो.

“मिक्सरला यूएसबी आहे, म्हणजे लॅपटॉप लागतो”

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीत जातात. मिक्सरवर यूएसबी दोन अगदी वेगळ्या कामांसाठी असतं. पहिलं म्हणजे चपटं भोक, ज्यात पेनड्राइव्ह जातो. त्याच्यामागे एमपी-थ्री वाजवणारी छोटी पाटी असते, बहुधा ब्लूटूथसकट. ती पेनड्राइव्हमधलं गाणं वाचते आणि वाजवते. काही मिक्सरमध्ये ती पेनड्राइव्हवर रेकॉर्डही करते. लॅपटॉपशी तिचा काही संबंध नाही. दोन्हीकडे चपटी पिन असलेली केबल आणून लॅपटॉप त्या भोकात जोडू नये. आवाज तर येणार नाहीच, दोन्हीकडचे पाच व्होल्ट एकमेकांवर आदळून पोर्ट जाण्याचा धोका राहतो.

दुसरं भोक चौकोनी असतं, प्रिंटरला असतं तसं. नव्या साधनांत त्याच्या जागी टाइप-सी आलं आहे. हे लॅपटॉपसाठी. यातून आवाज आकड्यांच्या रूपात दोन्ही बाजूंनी जातो : लॅपटॉपचं गाणं मिक्सरमध्ये येतं आणि मिक्सरचा आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड होतो. यामाहाच्या एमजी१०एक्सयूसारख्या मिक्सरला हे दुसरं आहे, पेनड्राइव्हचं नाही. काहींना दोन्ही असतात. काहींचं टाइप-सी फक्त वीज घेण्यापुरतं असतं, तिथे तर पुरती फसगत. म्हणून खोक्यावरच्या ‘यूएसबी’ या तीन अक्षरांवर जाऊ नका. माहितीपत्रकात ‘ऑडिओ इंटरफेस’ किंवा ‘२ इन / २ आउट’ असं छापलंय का, ते बघा.

“कुठलंही साउंडकार्ड डीजेला चालतं”

गाणं वाजवायला चालतं. डीजेगिरीला नाही चालत. पुढचं गाणं आधी कानात ऐकून मग ते लोकांसमोर सोडायचं, तर लॅपटॉपमधून एकाच वेळी दोन वेगळे स्टिरिओ आवाज बाहेर पडले पाहिजेत, म्हणजे चार आउटपुट. बेहरिंगरचं यूएमसी२२ दोन आउटपुटचं आहे. त्याच्या हेडफोनमध्ये जे ऐकू येतं तेच स्पीकरला जातं. त्याच कंपनीच्या यूएमसी२०४एचडीला चार आउटपुट आहेत. डीजे कंट्रोलरमध्ये, अगदी शिकाऊंसाठीच्या कंट्रोलरमध्येही, चार आउटपुटचं साउंडकार्ड बहुधा आतच बसवलेलं असतं. त्यामुळे कंट्रोलर घेतल्यावर वेगळं साउंडकार्ड घेण्याची गरज बहुतेकांना नसते. तरी ते विकलं जातं आणि घेतलंही जातं.

उलट, भजन मंडळाला किंवा नाटकाचं पार्श्वसंगीत सोडणाऱ्याला दोन आउटपुट भरपूर झाले.

इथेच एक सोपी गोष्ट. विंडोजमध्ये ‘डीफॉल्ट’ आवाज लॅपटॉपच्या आतल्या स्पीकरवर ठेवावा आणि यूएसबी साधन फक्त डीजे सॉफ्टवेअरमध्ये निवडावं. नाहीतर मंगलाष्टकं चालू असताना कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपचं टिंग चार डब्यांतून अख्ख्या गावाला ऐकू जातं.

“जितके जास्त किलोहर्ट्झ, तितका जास्त दम”

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट असे आकडे असतात आणि त्यावर भाव वाढतो. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही कोवळ्या वयात. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची होती आणि कानाच्या सगळ्या पल्ल्याला ती पुरत होती. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर सामावतं. ज्या मंडपामागे जनरेटर धडधडतोय, तिथे त्याचा निम्मा भागही वापरला जात नाही. रेकॉर्डिंगला २४ बिट उपयोगी आहे, कारण लेव्हल थोडी खाली ठेवून निवांत राहता येतं. वाजवायला ४८ किलोहर्ट्झ झालं. त्यापुढे लॅपटॉपवर फुकटचा भार.

‘यूएसबी तीनच पाहिजे’ हाही तसाच हट्ट. २००० साली आलेल्या यूएसबी २.०चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला लागतात साधारण २.३ मेगाबिट. म्हणजे अर्धा टक्काही नाही. अठरा चॅनल एकदम पाठवले तरी २१ मेगाबिटच्या आतबाहेर.

आणि हलक्या प्रतीचं १२८ केबीपीएसचं गाणं ३२०मध्ये किंवा वेव्हमध्ये बदलून घेतलं, तर फाइल जड होते, गाणं तेवढंच राहतं. एकदा काढून टाकलेला आवाज परत भरता येत नाही. हलक्या प्रतीचं गाणं मोठ्या डब्यांवर उघडं पडतं ते यामुळे.

“घूं-घूं येते म्हणजे साउंडकार्ड हलकं”

या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी एक चाचणी. गाणं चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं-घूं गेली, तर साउंडकार्ड निर्दोष आहे. लॅपटॉपला चार्जरवाटे एक अर्थिंग मिळतं, मिक्सर आणि मशीनला दुसरं, आणि आवाजाची वायर या दोघांना जोडते. दोन अर्थिंगमध्ये किंचितसा फरक असला तरी त्या वायरीच्या जाळीतून करंट फिरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ऐकू येतं ते ५० आणि १०० हर्ट्झचं गुणगुणणं. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते, त्यामुळे महागडं साउंडकार्ड लावलं तरी हे वर्तुळ तुटत नाही. चार्जर दोन पिनांचा असेल तर आणखी वेगळी गंमत : लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि आवाजात चिरचिर. ती चार्जरमधल्या गळतीची.

यावर गावोगाव चालणारा उपाय म्हणजे अर्थची जाड पिन तोडून टाकणं. घूं-घूं थांबते, हे खरं. पण त्यानंतर मशीनमध्ये काही बिघडलं, तर २३० व्होल्टला जमिनीकडे जायला गाणाऱ्याच्या हातातल्या माइकवाचून वाट उरत नाही. पावसाळी मंडपात, ओल्या सतरंजीवर अनवाणी उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ती पिन तोडू नका. आधी कुणी तोडली असेल तर बसवून घ्या.

बरोबर उपाय स्वस्त आहेत. लॅपटॉप, मिक्सर आणि मशीन शक्यतो एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवावं. डेकोरेशनवाल्याच्या झालरीच्या लाइनवर लॅपटॉप लावू नये. साउंडकार्डला बॅलन्स्ड आउटपुट असेल तर तिथून मिक्सरपर्यंत तीन तारांची वायर न्यावी, कॅनन (एक्सएलआर) पिन किंवा स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जॅक). मोनो पी-३८ लावली की बॅलन्सचा फायदा गेला. एवढं करूनही राहिलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाकावा, तो आवाज जाऊ देतो आणि ग्राउंड तोडतो. मोटारगाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारे अगदी स्वस्त आयसोलेटरही घूं-घूं थांबवतात, पण त्यांच्यातला ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो आणि तो बेस खातो. डीजेचा बेस गेला, तर राहिलं काय?

केबलच्या लांबीचंही तसंच. लॅपटॉप स्टेजवर आणि मिक्सर मागे, म्हणून दहा मीटरची यूएसबी केबल मागवली जाते. यूएसबी २.०ची मर्यादा पाच मीटर आहे. त्यापुढे साधन मध्येच गायब होतं, आणि ते नेमकं नवरदेव स्टेजवर चढताना होतं. साउंडकार्ड लॅपटॉपच्या शेजारी ठेवावं आणि लांबचा पल्ला आवाजाच्या बॅलन्स्ड वायरीने गाठावा. ती तीस-चाळीस मीटरही निवांत जाते.

“यूएसबीमुळे आवाज उशिरा येतो”

येतो, पण किती? ४८ किलोहर्ट्झवर सॉफ्टवेअरमधला बफर २५६ नमुन्यांचा ठेवला तर एका बाजूला ५.३ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २१. यात साधनाचे स्वतःचे थोडे मिसळतात. आता हवेतला आवाज बघा : एक मीटर चालायला त्याला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. डब्यापासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या वऱ्हाड्याला तसाही आवाज तीस मिलिसेकंद उशिराच पोचतो आणि तो नाचायचा थांबत नाही. नुसती गाणी वाजवणाऱ्याने बफर मोठा ठेवावा, खडखड बंद होते. बफर लहान हवा तो लॅपटॉपमधून स्वतःचाच आवाज ऐकत गाणाऱ्याला, किंवा पॅड बडवून लॅपटॉपमधले आवाज काढणाऱ्याला. धुमालमधल्या ऑक्टापॅडचा आवाज तर त्याच्या पोटातच तयार होतो. त्याची वायर सरळ मिक्सरला द्यावी, यूएसबीच्या भानगडीत पडूच नये.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी. तिथे उशीर दीड-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो. जेवणावळीच्या गाण्यांना ठीक. ताल धरणाऱ्याचं मॉनिटर ब्लूटूथवर दिलं की ताल गेलाच म्हणून समजा.

“मिक्सरचं यूएसबी रेकॉर्डिंग म्हणजे स्टुडिओ”

खंजिरी भजनाची मंडळं आता आपली भजनं यूट्यूबवर टाकतात, छान गोष्ट आहे. पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर तक्रार ठरलेली : गळा मोठा, खंजिरी कुठे गेली? कारण साध्या यूएसबी मिक्सरमधून लॅपटॉपला फक्त शेवटचा मिसळलेला स्टिरिओ आवाज जातो. देवळाच्या सभामंडपात खंजिरी आणि ढोलक मुळातच खणखणीत वाजतात, म्हणून साउंडवाला त्यांचे माइक दाबून ठेवतो. समोर बसलेल्याला सगळं बरोबर ऐकू येतं, पण मिक्सरमधून गेलेला आवाज लंगडा असतो. आणि एकदा मिसळलेल्या भाजीतून मीठ वेगळं काढता येत नाही. प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड करणारी साधनं आहेत; बेहरिंगरच्या एक्सआर१८मधून अठरा चॅनल वेगवेगळे लॅपटॉपमध्ये जातात. त्यांचा भाव मात्र चार आकडी राहत नाही. मंडळाने एवढा खर्च करण्यापेक्षा समोर चार-पाच मीटरवर एक चांगला रेकॉर्डर किंवा मोबाइल ठेवावा आणि घरी त्याचा आवाज मिक्सरच्या रेकॉर्डिंगखाली हलकासा मिसळावा. खंजिरी परत येते.

साउंडकार्ड मोबाइलवरून थेट चालतं का? चालतं. अँड्रॉइडने २०१४च्या ५.० आवृत्तीपासून यूएसबी साउंडकार्डला आधार दिला आहे, साधी ओटीजी पिन लागते. अडचण दोनच. साधन मोबाइलची बॅटरी पितं आणि त्याच वेळी चार्जिंगचं भोक अडवतं. आणि फोन विमान मोडवर ठेवायला लोक विसरतात.

मिक्सरवरचं किंवा साउंडकार्डवरचं ४८ व्होल्टचं (फँटम पॉवरचं) बटण दाबल्यावर साधा डायनॅमिक माइक जळतो, ही भीतीही पोकळ. धड कॅनन वायर असेल तर दोन्ही तारांवर सारखंच व्होल्टेज येतं आणि माइकमधून करंट वाहतच नाही. मात्र कीबोर्डची वायर कॅनन पिनने जोडलेली असेल तर ते बटण बंद ठेवा, ते व्होल्टेज कीबोर्डच्या आउटपुटवर उलटं जातं.

राहिला प्रश्न आवाज मोठा करण्याचा. यूएसबी साधन वॅट वाढवत नाही आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबलच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांत मोजमाप डेसिबलचं आहे : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दुसरं मशीन घेण्याआधी हे आकडे आणि ते तीन डेसिबल शेजारी ठेवून बघावेत.

जुनं साधन घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७पासून आतच आहे, पण स्वतःचाच ड्रायव्हर मागणारी जुनी साधनं विंडोज ११वर अडकू शकतात. सौदा करताना आपला लॅपटॉप सोबत न्या, आपल्याच केबलने जोडा, पॉवर सेव्हिंगमधलं ‘यूएसबी सस्पेंड’ बंद करा आणि चार्जर लावून अर्धा तास सलग वाजवून बघा. मधे एकदा चार्जर काढूनही ऐका.