पुढच्या मे महिन्यात दाखवू

दर वर्षी जून-जुलैत हे वाक्य पुण्यातल्या माझ्या डोळे तपासणीच्या खोलीत ऐकू येतं. बाबांना लेस्टरला नाहीतर मिल्टन कीन्सला नोकरी लागलेली असते, व्हिसा हातात असतो, सप्टेंबरात तिथली शाळा सुरू व्हायची असते. खुर्चीत पाच वर्षांची मुलगी बसलेली असते. तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर +५, डाव्याचा +१.५. उजव्या डोळ्याने ६/२४ च्या खालची ओळ वाचता येत नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी लावायला दोन महिन्यांपूर्वीच सुरुवात केली आहे. आणि बाबा म्हणतात, "मॅडम, दोन चष्मे करून द्या, एक फुटला तर दुसरा. तपासणी पुढच्या मे महिन्यात इकडे आलो की करू. तिकडे डोळ्यांचं फार महाग असतं म्हणे."

हे 'म्हणे' कुठून येतं हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या चुलतभावाचं बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एखादा निरोप, आणि 'आपला डॉक्टर तो आपला' हा विश्वास. विश्वासाबद्दल मी कृतज्ञ आहे. पण या एका वाक्यापायी मुलांची नजर जाते, म्हणून आता ते ऐकलं की माझा आवाज चढतो.

आधी पैशांचं बोलू. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची नजर एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने तपासली जाते. मूल पूर्णवेळ शिकत असेल तर ही सोय १९ पूर्ण होईपर्यंत आहे. चष्म्यासाठीही व्हाउचर मिळतं. त्याच्या रकमेत बसणारी फ्रेम घेतली तर पदरचं काही घालावं लागत नाही, आणि लहान मुलाचा चष्मा तुटला किंवा हरवला तर दुरुस्तीला किंवा नव्याला पुन्हा मदत होते. शिवाय व्हिसाच्या अर्जाबरोबर बहुतेक कुटुंबं आरोग्य अधिभार भरून बसलेली असतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आहे. एवढे पैसे भरायचे आणि नजर मात्र पुण्याच्या तिकिटावर टांगून ठेवायची, याला काटकसर कसं म्हणायचं?

आता त्या मे महिन्याचं. तिथे मे महिन्यात शाळेला सुट्टी असते ती आठवडाभराची. मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीला लागते. म्हणजे ऑगस्टात गेलेलं मूल बहुतेक वेळा पुढच्या ऑगस्टातच माझ्यासमोर येतं. तोवर एक वर्ष गेलेलं असतं.

त्या वर्षात काय होतं? आपण ज्याला आळशी डोळा म्हणतो त्यात डोळा वरकरणी ठीक दिसतो, पण मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र बाजूला सारतो. चष्म्याने चित्र स्पष्ट होतं आणि चांगला डोळा झाकल्यामुळे मेंदूला दुसऱ्याचं चित्र वापरावंच लागतं. यात दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं लागतं, कारण पट्टीचे तास सुधारणेप्रमाणे बदलतात. सुधारणा थांबली तर उपाय बदलतो. पट्टी गरजेपेक्षा जास्त चालली तर चांगल्या डोळ्याचीच नजर उतरू शकते. मूलही वाढत असतं. चष्मा नाकावरून घसरू लागतो आणि मूल काचेच्या वरून बघू लागतं. घरी कुणाला काही खटकत नाही, कारण एका डोळ्याने दिसतंय तोवर मूल तक्रार करत नाही. ते धावतं, रंगवतं, टीव्ही बघतं.

यावर पालक म्हणतात, "शाळेत तपासतातच की." इंग्लंडमध्ये शाळेतली नजरतपासणी चार-पाच वर्षांच्या, म्हणजे शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांसाठी असते. सहाव्या वर्षी पुण्याहून गेलेल्या मुलाची ती वेळ निघून गेलेली असते. त्याला कुणी शोधत येणार नाही.

दुसरी शंका मी जरा सहानुभूतीने ऐकते: "तिकडे म्हणे चष्म्याच्या दुकानातच तपासतात, डॉक्टर नसतोच." हो, दुकानातच तपासतात. पण तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट पदवी आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करून जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदलेला असतो. १६ वर्षांखालच्या मुलाचा चष्मा अशा नोंदणीकृत व्यक्तीच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकायला कायद्यानेच मनाई आहे. त्याच्याकडे जायला जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही. तिरळेपणा, आळशी डोळा किंवा आजाराचं लक्षण दिसलं की तो पुढे रुग्णालयात पाठवतो. तिथल्या रुग्णालयांत नंबर लागायला महिनोन्महिने जाऊ शकतात, हे खरं आहे. म्हणून तर पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रांगेत उभं राहायचं. मेची वाट पाहणारा माणूस रांगेत आलेलाच नसतो.

देश बदलला की सोय बदलते. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा १८ वर्षांखालच्या मुलांच्या चष्म्याच्या काचांना मदत करतो. कॅनडाच्या ऑन्टारिओत १९ आणि त्याखालच्यांची वार्षिक तपासणी सरकारी योजनेतून होते. अमेरिकेत मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. तिथे तिरळेपणाचे उपचार सहसा वैद्यकीय विम्यात बसतात, पण नेहमीची तपासणी आणि चष्मा यांसाठी मोठ्या कंपन्यांत बहुतेकदा वेगळा 'व्हिजन' विमा निवडावा लागतो. नोकरीत रुजू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत त्यावर खूण केली नाही, तर सहसा पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं.

मग तिकडून फोन येतो: "इथल्यांनी नंबर चुकवला!" तुमच्या कागदावर +१.००, सिलिंडर −२.००, अक्ष १८० असतो. तिथल्या कागदावर −१.००, सिलिंडर +२.००, अक्ष ९० लिहिलेला असतो. काच तीच आहे, फक्त लिहिण्याची रीत वेगळी. अमेरिकेतले अनेक नेत्रतज्ज्ञ सिलिंडर अधिक चिन्हात लिहितात. तसंच आपलं ६/१२ अमेरिकेत २०/४० होतं आणि जर्मनीत ०.५. हे चष्म्याचे नंबर नव्हेतच. किती अंतरावरून किती बारीक दिसलं, याचं ते माप आहे.

"इथे सहा तास पट्टी होती, त्यांनी दोनच तास सांगितली, लक्षच देत नाहीत," हीसुद्धा नेहमीची तक्रार. २००३ साली अमेरिकेतल्या बालनेत्ररोग संशोधन गटाने सात वर्षांखालच्या, मध्यम आळशी डोळा असलेल्या १८९ मुलांवर हेच तपासलं. जवळून बघण्याच्या कामाची जोड देऊन काहींना रोज दोन तास पट्टी दिली, काहींना सहा. चार महिन्यांनी दोन्ही गटांची नजर सरासरी २.४ ओळींनी सुधारली होती. आजार तीव्र असेल तर हिशेब वेगळा.

"सात वर्षं उलटली, आता काही उपयोग नाही," असं म्हणून पट्टी फेकून विमानात बसणारेही भेटतात. सातच्या आत उपचार जास्त चांगला लागू पडतो, हे खरं. पण त्याच गटाच्या २००५ च्या अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्क्यांना उपचारांचा फायदा झाला. नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून तपासणी अडत नाही. चित्रं ओळखून किंवा हातातल्या कार्डावर बोट ठेवून नजर कळते, आणि नंबर तर मुलाने तोंड न उघडताही काढता येतो. चष्मा लावून नंबर वाढत नाही. मलेशियात २००२ साली मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा लघुदृष्टीचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. गाजराने चष्मा उतरत नाही. आजीने डबीत बांधून दिलेलं काजळ मुलाच्या डोळ्यांत घालू नका. अशा काजळात-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे आणि अमेरिकेत त्यांना सौंदर्यप्रसाधन म्हणून परवानगीच नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. डोळे खाजले की घालायचे म्हणून दुकानातून घेतलेले थेंब बॅगेत भरू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि देखरेखीशिवाय महिनोन्महिने पडत राहिलं, तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

न्यायचीच असेल तर फाईल न्या, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. नंबर थेंब घालून काढला होता का, चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची नजर किती, पट्टी कधीपासून आणि किती तास, कोणते थेंब, किती टक्क्यांचे, हे सगळं त्यात टाईप केलेलं हवं. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर जन्माचं कार्ड आणि तेव्हाच्या पडद्याच्या तपासणीचे कागदही घ्या. आपल्याकडे २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा पडदा तपासतात. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३१ आठवडे किंवा दीड किलो आहे. तुमचं ३३ आठवड्यांचं, १,८०० ग्रॅमचं बाळ तिथल्या निकषात बसत नाही, म्हणून कदाचित कुणी विचारणारही नाही. तुम्हीच सांगायचं.

त्या फाईलच्या पहिल्या पानावर पुढच्या तपासणीसाठी मी ऑक्टोबरची तारीख घालते आणि आई-बाबांकडून ती मोठ्याने वाचून घेते.