खेळात देशाचा चेहरा कोण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात आधी देश निवडायचा असतो आणि त्या देशाचा चेहरा म्हणून इतिहासातली एक व्यक्ती समोर येते. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या मालिकेत चीनचा चेहरा वेळोवेळी बदलत आला आहे: 1991 च्या पहिल्या खेळात माओ, 2010 च्या पाचव्यात वू झेत्यान, 2016 च्या सहाव्यात चिन शी ह्वांग. आपल्या अनेक मुलांना चीनचा इतिहास पहिल्यांदा इथेच भेटतो, आणि त्यासोबत काही गैरसमजही रुजतात. त्यांतले काही आपण उदगीरच्या इतिहासाबद्दलही बाळगून आहोत.

गैरसमज : निवडला गेला तोच सर्वांत थोर राजा.
वस्तुस्थिती : खेळ रचणाऱ्यांना असं कर्तृत्व हवं असतं, ज्याचा नियम करता येईल. चिन शी ह्वांगने इ.स.पू. 221 मध्ये चीन एकछत्री केला, लिपी आणि वजनं-मापं एकसारखी केली. म्हणून खेळात तो भव्य वास्तू झपाट्याने उभारतो. त्याच्या काळातली ग्रंथांची होळी आणि वेठबिगारी मात्र त्या नियमात दिसत नाही. वू झेत्यानने 690 ते 705 या काळात स्वतःच्या नावाने सम्राटपद भूषवलं. चीनच्या इतिहासात असं करणारी ती एकमेव स्त्री.

गैरसमज : आज दिसणारी चीनची भिंत चिन शी ह्वांगने बांधली.
वस्तुस्थिती : त्याने आधीच्या राज्यांच्या मातीच्या भिंती जोडल्या आणि वाढवल्या. पर्यटक पाहतात ती विटा-दगडांची भिंत मुख्यतः मिंग घराण्याच्या काळातली (1368–1644), म्हणजे दीड हजारांहून अधिक वर्षांनंतरची.

गैरसमज : देशाचा प्रतिनिधी त्याच मातीतल्या वंशाचा असतो.
वस्तुस्थिती : कुबलाई खान मंगोल होता, तरी 1271 मध्ये युआन घराण्याची घोषणा करून तो चीनचा सम्राट झाला. सहाव्या खेळात तो चीन आणि मंगोलिया या दोन्हींचं नेतृत्व करू शकतो.

गैरसमज : प्रतिनिधी गादीवर बसलेलाच हवा.
वस्तुस्थिती : 2025 च्या सातव्या खेळात कन्फ्यूशिअस नेता म्हणून येतो. तो राजा कधीच नव्हता, पण त्याच्या विचारांवर पुढे शतकानुशतकं राज्यकारभार चालला. आता उदगीरकडे पाहा. 3 फेब्रुवारी 1760 रोजी इथे मराठ्यांना निजामाच्या सैन्यावर मिळालेल्या विजयाचे सेनानी सदाशिवरावभाऊ. ते छत्रपती नव्हते, पेशवेही नव्हते. पेशवेपदी त्यांचे चुलतभाऊ नानासाहेब होते. या विजयानंतरच्या तहात मराठ्यांना सुमारे 60 लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले. पुढे वर्षाच्या आत, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत घडलं आणि भाऊंची ओळख त्या एका पराभवापुरती उरली. उदगीरचा विजय बाजूला ठेवून भाऊंना जोखणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : मराठे म्हणजे फक्त घोडदळ आणि गनिमी कावा.
वस्तुस्थिती : 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. तिथे केवळ घोडी दौडवणाऱ्याने उदगीरची लढाई वाचावी. या लढाईत इब्राहिमखान गारदी यांच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेले गारदी पानिपतावर मराठ्यांच्याच बाजूने शेवटपर्यंत लढले.

कुठल्याही देशाचा किंवा राज्याचा सगळा इतिहास एका चेहऱ्यात मावत नाही. म्हणून मुलांना खेळू द्यावं आणि सोबत तीन प्रश्न विचारायला शिकवावं: ही व्यक्ती कोणत्या वर्षांतली? तिचं कोणतं काम खेळाने उचललं? कोणतं वगळलं? हेच प्रश्न घेऊन उदगीरच्या मुलांनी आपल्या गावचा किल्लाही पाहावा. चीनचा सम्राट तपासून घेणारं मूल आपल्या भाऊंनाही एकाच पराभवावरून मोजणार नाही.