छातीतलं पाणी आणि चाळीसचा आकडा

खोताच्या वाडीत कुणाला बारीक ताप, एका कुशीत कळ आणि जिना चढताना धाप लागू लागली, की रुग्णालयं पायाखालचीच: प्रार्थना समाजाजवळ हरकिसनदास, पुढे भायखळ्याला जे. जे., आणि क्षयाचं नाव निघालंच तर शिवडी. एक्स-रेत छातीत पाणी दिसायचं. पण ते टीबीचं की आणखी कशाचं, हे ठरवण्याच्या रीती गेल्या सत्तर वर्षांत बऱ्याच पालटल्या.

टीबीचं पाणी मुख्यतः शरीराने जंतूंविरुद्ध दिलेल्या झुंजीतून साचतं. जंतू मात्र त्यात मोजकेच. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच सापडतात. जंतू वाढवून पाहण्याला, म्हणजे कल्चरला कित्येक आठवडे लागतात आणि तेही अनेकदा रिकामं निघतं. त्यातून हे पाणी औषधाविनाही आटतं आणि माणूस बरा झालासा वाटतो. अमेरिकी सैनिकांच्या १९५५च्या पाहणीत अशा उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना पाच वर्षांत टीबीने पुन्हा गाठलं होतं.

१९५८ साली अब्रम्सची सुई आली. तिने फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासता येऊ लागला. निदानाला ही पद्धत चांगली, पण सराईत हात आणि तुकडा वाचणारा तज्ज्ञ, दोन्ही हवेत.

१९७८मध्ये पिरास, गाकिस आदी इटालियन संशोधकांनी वेगळीच वाट दाखवली. जंतू शोधण्याऐवजी त्यांनी पाण्यातलं अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज, म्हणजे एडीए हे विकर मोजलं. टीबीच्या पाण्यात ते वाढलेलं असतं, आणि त्यातला मोठा वाटा जंतूंशी लढणाऱ्या पेशींकडून येतो. जुस्तींच्या पद्धतीत हे विकर अ‍ॅडेनोसिनपासून अमोनिया सुटा करतं, त्यातून निळा रंग उमटतो आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा निघतो. महागडं यंत्र नको, आठवड्यांची वाट नको. लिटरला ४० युनिट ही सीमा रूढ झाली.

हा आकडा सगळीकडे सारखं बोलत नाही. गिरगाव-परळसारख्या टीबीच्या मुलखात, तरुण रुग्णाच्या पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील आणि एडीए चढा असेल, तर डॉक्टर बहुधा औषधं सुरू करतात. टीबी दुर्मिळ असलेल्या देशात तोच आकडा आधी पू, लिम्फोमा किंवा संधिवाताची शंका घ्यायला लावतो. तिथे त्याचा खरा उपयोग टीबी नाही हे सांगण्यापुरता.

२०१२ने या चाचणीची ताकदही दाखवली आणि मर्यादाही. जूनमध्ये केंद्र सरकारने टीबीसाठीच्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचण्यांवर बंदी घातली. पाण्यातलं एडीए मात्र टिकलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीने मुंबई हादरली होती. एडीए रोग सुचवतं. जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाही, हे सांगू शकत नाही. ते सांगणारी जनुकीय चाचणी थुंकीत उत्तम चालते, पण छातीतल्या पाण्यात निम्म्याहून अधिक रुग्ण तिच्या हातून निसटतात.

म्हणून आज मुंबईत पाणी काढलं की एक बाटली एडीएला, तर दुसरी कल्चरला जायलाच हवी. पहिलीच्या उत्तरावर गोळ्या सुरू होतील. त्या बरोबर आहेत का, हे दुसरीत जंतू वाढले तरच कळू शकेल.