वीरकथेचा पडदा आणि वीराची लाज

जुन्या वीरकथेवर चित्रपट निघाला की, तो मूळ कथेशी कितपत प्रामाणिक राहिला, हा प्रश्न हटकून विचारला जातो. परंतु प्रामाणिक राहावयाचे ते कशाशी? प्रसंगांशी, की त्या प्रसंगांतून उभ्या राहणाऱ्या नैतिक पेचाशी? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, एका अज्ञात कवीच्या इंग्रजी काव्यावरून डेव्हिड लोअरी यांनी केलेला ‘द ग्रीन नाइट’ (२०२१) हा चित्रपट या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

काव्याचे कथानक थोडक्यात असे. आर्थर राजाच्या दरबारात एक हिरवा धिप्पाड सरदार येतो आणि आव्हान देतो: माझ्यावर एक घाव घाला, वर्षाने तसाच घाव माझ्याकडून घ्या. गवेन त्याचे शिर उडवितो. सरदार ते उचलून शांतपणे चालता होतो. वचनास जागून निघालेला गवेन वाटेत एका गढीत उतरतो. दिवसभरात जे मिळेल त्याची अदलाबदल करावयाची, असा यजमानाशी त्याचा करार होतो. परंतु यजमानाच्या पत्नीने दिलेला, प्राणरक्षक म्हणविलेला हिरवा पट्टा तो लपवून ठेवतो. त्याबद्दल त्याच्या मानेवर ओझरता घाव बसतो. दरबारी हसून त्याचे स्वागत करतात, स्वतःही तसाच पट्टा बांधतात. गवेनला मात्र ती आपल्या खोटेपणाची खूण वाटत राहते.

देव पटेल यांनी रंगविलेला चित्रपटातील गवेन आरंभी सरदारही नाही. कुऱ्हाडीखाली वाकला असता, पळून गेल्यास आपल्या वाट्यास येणारे राजवैभवाचे पण पोकळ आयुष्य तो मनोमन पाहतो आणि पट्टा सोडून ठेवतो. जवळजवळ निःशब्द असा हा प्रसंग चित्रमाध्यमाच्या सामर्थ्याची साक्ष देतो. कथा बदलण्याचा दिग्दर्शकाचा अधिकार येथे सिद्ध होतो, हे मान्यच करावयास हवे.

तथापि या बदलाचे मोल कमी नाही. चित्रपटातील गवेनची लाज कल्पनेतच भोगून संपते आणि तो निर्मळ होतो. काव्यातील गवेन चुकतो, जगतो, आणि स्तुती करणाऱ्यांच्या मेळाव्यात ती चूक अंगावर वागवितो. मरणाला मान देण्यापेक्षा हे अधिक कठीण आहे.

रोबेर ब्रेसाँ यांनी ‘लान्सलो द्यु लाक’ (१९७४) या चित्रपटात आर्थरकथेतील अद्भुत जवळजवळ गाळून टाकले. पण शेवटी चिलखतांचा ढीग दाखवून त्या कथेतील विनाश अधिकच गडद केला. प्रसंग गाळूनही मर्म राखता येते, ते असे. वीराला पडद्यावर निष्कलंक करण्याचा मोह आवरणे, हीच वीरकथेच्या रूपांतराची खरी कसोटी होय.