दुखऱ्या हातांची वाकळ : पन्नास वर्षांचा मागोवा

रब्बीची सुगी उरकली, की मृगापर्यंतचे दिवस मराठवाड्यात कंधारकडच्या गावांत वाकळा शिवण्याचे. वर्षभर साठवलेली जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायच्या. दुपारची जेवणं झाली, की ओसरीवर नाहीतर लिंबाच्या सावलीत अस्तराचं पातळ अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणायचं, त्यावर कापडाचे थर रचायचे आणि चौघी-पाचजणींनी कडेला बसून आतल्या बाजूला धावदोरा घालत जायचं.

या बैठकीत आजारी बाईलाही जागा असायची. पाश्चात्त्य देशांत आज दोन-चार दिवस घरापासून लांब राहून गोधड्या शिवण्याची शिबिरं भरतात आणि संधिवात, मधुमेह, जुनाट थकवा असलेल्या बायका औषधांचा डबा सोबत घेऊन तिथे जातात. आपल्याकडे शिबिर हा शब्द नव्हता, पण सोय होती. गेल्या पन्नास वर्षांत ती कशी मोडत गेली आणि आता कुठे पुन्हा उभी राहू शकते, हे बघण्यासारखं आहे.

सोय म्हणजे कामाची वाटणी. आमवातानं बोटं आखडली, की सुई चिमटीत धरवत नाही; पण काठाचा तुकडा कुठे बसवायचा आणि हिरव्याशेजारी कोणता रंग खुलेल, हे सांगायला बोटं लागत नाहीत. गुडघे गेलेली बाई बाजेवर बसून कापडं निवडून देई. जिची नजर शाबूत, ती सुया ओवून ओळीनं टोचून ठेवी, म्हणजे शिवणारीचा हात थांबायला नको. दम्याच्या बाईला चिंध्या फाडायला बसवत नसत, कारण जुन्या कापडाची धूळ छातीत जाते. मधुमेहानं बोटं बधिर झालेलीला सुई टोचलेलीही कळत नाही, म्हणून तिच्या हाती अंगुस्तान तरी येई किंवा दुसरं काम. दुपारची वेळही सोयीची होती. आमवातात सकाळी सांधे तासतासभर जखडलेले असतात. दिवस वर आला की ते जरा मोकळे होतात.

तिकडे 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. अमेरिकेत या कलेची पुन्हा लाट आली, त्यात या प्रदर्शनाचा मोठा वाटा मानतात. गोधडी आणि आजार यांची सर्वांत मोठी गाठ पडली ती 11 ऑक्टोबर 1987 रोजी, वॉशिंग्टनमध्ये. क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावे शिवलेले 1,920 तुकडे त्या दिवशी मैदानावर अंथरले गेले. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, कबरीएवढा. आप्तांनी आणि मित्रांनी ते शिवले होते. त्या शिवणाऱ्यांत स्वतः आजारी असलेलेही होते.

मराठवाड्यात याच काळात उलटं घडत होतं. सुती लुगड्यांची जागा नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांनी घेतली. हे कापड सरकतं, ते घट्ट धरून टाका आवळायला बोटांचा जोर जास्त लागतो, आणि दुखऱ्या हातात नेमका तोच नसतो. बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली. कुणी वाकळ शिवायला टाकलीच, तर ती मशिनवर होऊ लागली. काम लवकर झालं, पण मशिनवर एकटीच बसते. रंग सांगणारी, सुया ओवणारी, कापडं निवडणारी, या सगळ्या जागा एका फटक्यात गेल्या.

नेमक्या अशा वेळी 2006 उजाडलं. 1973 मध्ये शेजारच्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं हा आजार देशात जवळजवळ विस्मरणात गेला होता. तो परत आला तेव्हा 2006 या एका वर्षात देशभरात सुमारे 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्राला मोठा फटका बसला. हा आजार पसरवणारा एडीस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि पाणीटंचाईच्या मुलखात घरोघरी रांजण, टाक्या, पिंपं भरून ठेवलेली असतात. ताप आठवड्यात उतरतो, सांधेदुखी मात्र काहींना महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं सोडत नाही. मनगटं आणि बोटांची पेरं धरलेल्या बायका घराघरांत होत्या आणि त्यांना सामावून घेणारी ओसरीवरची दुपार तोवर बहुतेक ठिकाणी संपलेली होती.

अशा दुपारचं मोल संशोधकांच्याही लक्षात येऊ लागलं होतं. ब्रिटनमध्ये फ्रान्सेस रेनॉल्ड्स आणि सारा प्रायर यांनी 2003 मध्ये दीर्घ आजारासह जगणाऱ्या आणि कलाकाम करणाऱ्या 35 स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यानंतर एमिली बर्ट आणि जॅकलिन अ‍ॅटकिन्सन यांनी ग्लासगोतल्या गोधडी मंडळातल्या 29 जणींशी बोलून लिहिलं, की रंगांत रमणं, कामात तहानभूक हरपणं, नवं शिकणं आणि चार माणसांची सोबत यांतून या लोकांना बळ मिळतं. यानं सांधे बरे होतात, असा दावा कुणी केलेला नाही. दुखणं असतंच, दिवस मात्र दुखण्यापुरता उरत नाही.

भारतातही हालचाल आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहिलं. जानेवारी 2019 मध्ये चेन्नईत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला. शहरांतून कार्यशाळा होतात, पण कंधारच्या बाईला चेन्नई कशी परवडणार? तिच्यासाठी शिबिर गावातच हवं. राज्यात 2011 पासून 'उमेद' अभियानातून गावोगाव बचत गट उभे राहिले आहेत. उन्हाळ्यातले चार दिवस आणि एक सभागृह त्यांच्या आवाक्यातलं आहे.

तयारी मात्र आजार ओळखून करावी लागेल. जागा तळमजल्यावर, खाली बसता न येणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि कोपराच्या उंचीची टेबलं, बसका नव्हे तर खुर्चीसारखा संडास. अर्ध्या तासानं हात थांबवायचा, दुखायला लागण्याची वाट न बघता. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या अनेकींना आठवड्याच्या गोळीनंतरचा दिवस मळमळीचा आणि थकव्याचा जातो, तेव्हा तारखा ठरवण्याआधी प्रत्येकीचा गोळीचा वार विचारून घ्यावा. पारा बेचाळीसवर असताना वीज गेली, तर इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही असं ठेवता येतं. बाहेरच्या हवेपेक्षा तिथे बराच गारवा असतो.

आणि पैशांचा प्रश्न. प्रदर्शनात गोधडी विकली गेली, की मजुरी सहसा शिवणारीच्या नावे पडते. रंग जुळवणारी, थर रचणारी, सुया ओवणारी यांचा वाटा आधीच ठरवून गटाच्या वहीत लिहायला हवा. आजारी बाईला नुसतं बोलावून बसवलं, तर ती दोन दिवस येईल. कामाचा हिशेब तिच्या नावे मांडला, तर पुढच्या वर्षीची तारीख तीच विचारील.